शिवेपर्यंतची सोबत: गोष्टीतलं जाणतं माणूस नेमकं करतं काय?

माझ्या आजीचे चुलते एकदा शिरोड्याच्या बाजारातून रात्रीचे चालत घरी निघाले आणि सड्यावर वाट चुकले. हातातली चूड विझलेली, आभाळ भरून आलेलं, चहूकडे नुसता कातळ. जांभ्याच्या त्या माळावर वाट दिवसासुद्धा डोळ्यांना नीट दिसत नाही, पायांना सवयीने कळते. ते थबकले, तर पुढं कुणीतरी चालत होतं. खांद्यावर कांबळं, हातात दांडा. कातळावर दांडा टेकल्याचा आवाज तेवढा यायचा. चुलते त्या आवाजामागून चालत राहिले. गावची शीव आली, देवळातला दिवा दिसला, आणि आवाज थांबला. बघतात तर पुढं कोणी नाही.

हा देवचार, गावचा राखणदार. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे आणि खाली गोव्यात अशी गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या चपला वाहतात त्यामागची समजूत हीच: देव रात्रीचा गावाभोवती फिरतो, राखण करतो, आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात. लहानपणी मला या गोष्टीत एकच गोष्ट खटकायची. एवढी सोबत केली, तर तो घरापर्यंत का आला नाही? मी विचारलं की आजी म्हणायची, “तेची हद्द थंयसरच गो. फुडे घर तुजा, वाट तुजी.”

मी आता दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या मुलांना गोष्टी आणि एकांकिका लिहायला शिकवते. मुलं भरभरून लिहितात. पण त्यांच्या गोष्टीत आजोबा आले, की नायकाला काम उरत नाही. आजोबांना सगळं ठाऊक असतं, आजोबा दोन पानं बोलतात, आणि शेवटी संकटही आजोबाच निवारतात. गेल्या मे महिन्यात नववीतल्या एका मुलीने आणलेली एकांकिका अशीच होती. नायक गणू, चौदा वर्षांचा. त्याचे आजोबा जुने तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा, असा माणूस. पहिल्या प्रवेशात आजोबा समुद्राची इत्थंभूत माहिती सांगतात. दुसऱ्यात गणू मामाबरोबर मासेमारीला जातो, आणि रात्री परतताना त्यांची होडी खाडीच्या तोंडाशी वाळूत अडकते. तिसऱ्यात आजोबा दुसरी होडी घेऊन येतात आणि सगळ्यांना सुखरूप घरी आणतात.

मी तिला विचारलं, “ही गोष्ट कुणाची?”

“गणूची.”

“मग गणूने काय केलं?”

ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. तिला जे समजावून सांगितलं, तेच इथं लिहिते आहे.

जाणतं माणूस गोष्टीत येतं त्याचं पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. गोष्ट सुरू होते तेव्हा नायकाला पुढच्या जगाची माहिती नसते आणि वाचकालाही नसते. कुणीतरी सांगणारं लागतं. म्हणून लेखक एक म्हातारा उभा करतो आणि त्याच्या तोंडून सगळं वदवतो. सोय मोठी आहे आणि धोकाही तिथंच आहे. सांगायला बसलेला म्हातारा थांबत नाही, आणि वाचक पान उलटून पुढं जातो. खऱ्या आयुष्यात आपल्याकडची जाणती माणसं अशी भाषणं करतात कुठे? किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेला म्हातारा तासाभरात चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन ओरडण्याची असतात. चौथं मात्र आयुष्यभर पुरतं. लिहिणाऱ्याने ते चौथं वाक्य शोधायचं.

आज सगळीकडे वापरला जाणारा ‘मेंटॉर’ हा शब्द मुळात एका माणसाचं नाव आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला जाताना घरदार मेंटॉर नावाच्या जुन्या मित्राच्या हवाली करतो. वीस वर्षं राजा परत येत नाही. मुलगा टेलेमॅकस हाताशी येतो, आणि घरात राणीशी लग्न करू पाहणारे लोक तळ ठोकून बसतात. पण खरा मेंटॉर या सगळ्यात फारसं काही करत नाही. टेलेमॅकसला उभं करते ती अथेना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. ती त्याला गलबत मिळवून देते, पायलॉसच्या किनाऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर जाते. तिथं वृद्ध राजा नेस्टरसमोर बोलायला तो लाजतो, तेव्हा आता लाजून चालायचं नाही असं सांगून त्याला पुढं घालते. तो बोलू लागला, त्याची तिथं ओळख झाली, की समुद्रगरुडाच्या रूपाने उडून जाते. पुढचा स्पार्टापर्यंतचा रस्ता टेलेमॅकस तिच्याविना काटतो. कुठे ग्रीस आणि कुठे आमचा सडा, पण अथेना आणि देवचार दोघंही सोबत सोडतात ती सारख्याच ठिकाणी. 1699 साली फ्रेंच लेखक फेनेलाँ याने टेलेमॅकसच्या प्रवासावर कादंबरी लिहिली आणि तीत मेंटॉरला गुरूची मोठी भूमिका दिली. ती युरोपभर वाचली गेली, आणि त्यानंतर हे विशेषनाम हळूहळू सामान्यनाम झालं.

गोष्टींचा अभ्यास करणाऱ्यांत मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो रशियाचा व्लादिमीर प्रॉप. 1928 साली त्याने शंभर रशियन परीकथा उलगडून दाखवल्या. पात्र कोण आहे हे त्याने बाजूला ठेवलं, आणि पात्र गोष्टीत काय काम करतं तेवढंच पाहिलं. अशी 31 कामं आणि सात भूमिका त्याला सापडल्या. त्यातली एक भूमिका ‘दात्या’ची. दाता म्हणजे कधी रानातली म्हातारी, कधी एखादं जनावर, कधी चक्क मेलेला बाप. त्याचं काम ठरलेलं: नायकाला अशी काही वस्तू किंवा शक्ती द्यायची, जी पुढं ऐन प्रसंगाला उपयोगी पडेल. पण प्रॉपने दाखवलेली खरी मेख पुढेच आहे. दाता आधी परीक्षा घेतो, आणि मगच देतो. प्रश्न विचारतो, कामाला जुंपतो, अडवतो. नायक त्याला कसा सामोरा जातो त्यावर देणगी मिळणार की नाही ते ठरतं.

पुढं 1949 साली अमेरिकेत जोसेफ कॅम्पबेलने जगभरच्या पुराणकथांतून नायकाच्या प्रवासाचा एक आराखडा मांडला. उंबरठा ओलांडण्याआधी नायकाला मदत करणारी अलौकिक व्यक्ती त्यात आहे. सिनेमा लिहिणाऱ्यांनी हा आराखडा इतका उचलला की पांढरी दाढी, काठी आणि गूढ वाक्यं असा त्या व्यक्तीचा साचाच पडून गेला. मुलं तोच साचा घेऊन येतात. म्हणून मी त्यांना आधी प्रॉपचा प्रश्न विचारायला शिकवते: हा माणूस दिसतो कसा ते राहू दे, तो करतो काय ते सांग.

परीक्षेचं आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर गोरोबाकाकांच्या अंगणात जावं लागेल. संतमंडळी जमलेली. मुक्ताबाई कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारते, हे काय? गोरोबा सांगतात, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग ते थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकीचे शांत बसतात, नामदेव चिडतात. गोरोबा म्हणतात, हे मडकं कच्चं. साक्षात विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, तो कच्चा! नामदेव रडत पंढरपुरात येतात, आणि विठ्ठलच त्यांना गुरू करायला धाडतो. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव संतापून पाय काढायला सांगतात. विसोबा म्हणतात, मी म्हातारा झालो, तूच माझे पाय उचल आणि देव नसेल तिथं ठेव. नामदेव पाय उचलून बाजूला ठेवतात, तिथं पिंडी. दुसरीकडे ठेवतात, तिथंही पिंडी.

लिहिणाऱ्याच्या नजरेने हा प्रसंग पुन्हा बघा. परीक्षेत नायक नापास होतो, आणि तिथूनच गोष्ट सुरू होते. पास झाला असता तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. आणि विसोबांनी शिकवण दिली कशी? देव सर्वत्र आहे हे वाक्य ते उच्चारतसुद्धा नाहीत. ते फक्त पाय पुढं करतात. उत्तर नामदेवांना स्वतःच्या हातांनी सापडतं, त्या म्हाताऱ्या पायांचं वजन उचलताना. माझ्या वर्गात हा प्रसंग सांगितला की मुलं पहिल्यांदा आपल्या वहीतली आजोबांची भाषणं स्वतःहून खोडायला लागतात.

देणगीचं काय? इथं कोकणाच्या अगदी घरचा गुरू आहे. चिपळूणच्या वर, मुंबई-गोवा रस्त्यालगत डोंगरावर परशुरामाचं देऊळ आहे, खाली वाशिष्ठीचं खोरं दिसतं. कथा अशी की जिंकलेली सगळी पृथ्वी परशुरामाने कश्यपाला दान केली, आणि दिलेल्या जमिनीवर राहण्याचा हक्क उरला नाही म्हणून समुद्र मागं सारून नवी भूमी काढली. ती ही आमची पट्टी. भीष्म, द्रोण आणि कर्ण, महाभारतातले तीन मोठे योद्धे याच एका गुरूचे शिष्य. त्यातली कर्णाची गोष्ट कथालेखनाच्या दृष्टीने मला सगळ्यांत खोल वाटते.

कर्ण आपण ब्राह्मण असल्याचं सांगून विद्या शिकतो. गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला असताना एक किडा कर्णाची मांडी पोखरतो. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलत नाही. रक्ताच्या ओलीने परशुराम जागा होतो आणि ताडतो: एवढं सोसणारा ब्राह्मण नव्हे. शाप देतो की ऐन वेळी हे अस्त्र तुला आठवणार नाही. बघा, कर्ण फसवणुकीमुळे उघडा पडत नाही, सेवेमुळे पडतो. गुरुभक्ती हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. आणि देणगी परत घेतली जात नाही, तिला फक्त तडा जातो. तेव्हापासून कुरुक्षेत्रावर रथाचं चाक रुतेपर्यंत कर्ण जेव्हा जेव्हा धनुष्य उचलतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गुरू केव्हाच गोष्टीतून निघून गेलेला असतो, पण त्याने दिलेली वस्तू शेकडो पानं ताण धरून राहते.

अर्धवट देणगी ही त्याच जातीची. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणं ठाऊक आहे, बाहेर पडणं ठाऊक नाही. ‘ऐकलं अर्धंच’ हे एवढं एक टोक धरून कार्तिकातल्या जत्रेपासून पुढं कितीतरी रात्री दशावतारात लोक डोळे पुसत बसतात.

दशावताराचं नाव निघालं म्हणून थोडं आडवळण घेते, कारण हे नुसतं पुस्तकातलं नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं, कोण काय करणार, हे जाणते कलाकार रंगपटात ठरवतात, कथेचे टप्पे सांगतात, आणि बोलणं ज्याने त्याने रंगमंचावर जाऊन करायचं. पुढं पायपेटी, मृदंग, झांज, समोर अख्खं गाव, आणि पाठांतर काही नाही. मी एकदा अगदी समोर बसून एका कोवळ्या पोराला अभिमन्यू करताना पाहिलं. मध्येच त्याचे शब्द आटले. समोर युधिष्ठिर म्हणून उभा असलेला वयस्क कलाकार जराही डगमगला नाही. त्याने सावकाश विचारलं, “बाळा, हा व्यूह भेदण्याचं ज्ञान तुला आहे असं ऐकून आहे. ते तुला कुणी दिलं, कुठे दिलं?” प्रश्नातच उत्तर होतं. पोरगं सुटलं, पाच मिनिटं थांबलंच नाही. युधिष्ठिर हळूच दोन पावलं मागं सरकला आणि आत निघून गेला. जाणत्या माणसाची भूमिका कशी लिहावी असं कुणी विचारलं की मला ती दोन पावलं आठवतात.

आता मुख्य गोष्टीकडे. जाणत्याला गोष्टीतून जावं का लागतं?

गोष्टीचा जीव असतो ‘आता कसं होणार’ या धाकधुकीत. आपल्यापेक्षा थोर, सगळं जाणणारा माणूस नायकाच्या शेजारी उभा असेल तर धाकधूक राहत नाही. वाचक मनात म्हणतो, हा आहे ना, करील काहीतरी. म्हणून जगभरच्या कथाकारांनी त्याला दूर करण्याच्या नाना युक्त्या काढल्या. सगळ्यात सोपी म्हणजे त्याला मारून टाकणं. ती इतकी वापरली गेली आहे की हल्ली प्रेमळ म्हातारा पडद्यावर आला की प्रेक्षक त्याच्या मरणाची वाट बघू लागतात. मला स्वतःला ही युक्ती आवडत नाही. मरण लिहिणं सोपं असतं. जिवंत असून मागं राहणारा माणूस लिहिणं कठीण.

व्यासांनी ते कठीण काम केलं आहे. कृष्णाला त्यांनी युद्धाच्या अगदी मध्यभागी, अर्जुनाच्या रथावरच बसवलं, आणि त्याचे हात बांधून टाकले: शस्त्र धरणार नाही. गुरू हाकेच्या अंतरावर आहे, लगामही त्याच्याच हातात आहेत, आणि तरी बाण अर्जुनालाच सोडावा लागतो. भीष्मांचं आणखी वेगळं. लढता येत होतं तोवर ते गप्प राहिले, आणि शरपंजरी पडून हालचाल थांबल्यावर युधिष्ठिराला राज्यकारभार सांगत राहिले. बोलण्याची मोकळीक त्यांना मिळते ती करण्याची ताकद संपल्यावर.

पण या सगळ्यांत माझा जिवाभावाचा आहे जांबवान. किष्किंधाकांडाच्या शेवटी वानरसेना समुद्रकाठी येऊन बसली आहे. पलीकडे लंका, मध्ये शंभर योजनं पाणी. कोण किती उडी मारू शकतो याची विचारणा चालू होते. एकेक जण आपला आकडा सांगतो. म्हातारा जांबवान सांगतो की तरुणपणी माझी गोष्ट निराळी होती, आता नव्वद योजनं जाईन. अंगद म्हणतो, शंभर जाईन, पण परत येईन की नाही सांगता येत नाही. आणि हनुमान एका बाजूला गप्प बसलेला. जांबवान त्याच्याकडे वळतो आणि तो कोण आहे, कुणाचा मुलगा आहे, लहानपणी सूर्याकडे कसा झेपावला होता, हे त्याला सांगतो. हनुमान उठतो आणि वाढू लागतो.

जांबवान काही देत नाही. अस्त्र नाही, मंत्र नाही, नवी माहितीही नाही. हनुमानाचं होतं तेच त्याला आठवून देतो. आणि वाल्मीकींनी आकडा किती नेमका ठेवला आहे! जांबवानाला पाचच योजनं झेपत असती तर त्याच्या बोलण्याला वजन राहिलं नसतं. शंभर झेपत असती तर तोच गेला असता. नव्वद. म्हणजे पाणी त्याला ठाऊक आहे, वारा ठाऊक आहे, पलीकडचा किनारा जवळजवळ दिसतो आहे, आणि दहा योजनं कमी पडतात. त्या कमी पडलेल्या दहा योजनांत हनुमानाची सगळी गोष्ट राहते. मुलांना मी सांगते, तुमचे आजोबा लिहाल तेव्हा त्यांची दहा योजनं आधी ठरवा. गुडघे गेले असतील, नजर अधू झाली असेल, जुनी भीती असेल, दिलेला शब्द असेल. पण ती दहा योजनं खरी असली पाहिजेत, लेखकाच्या सोयीपुरती नकोत.

जाणतं माणूस म्हातारंच असतं असंही नाही. ज्ञानेश्वर लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसतात तेव्हा त्यांना बाहेर काढणारी मुक्ताई त्यांच्याहून लहान आहे. ताटीबाहेर उभं राहून ती जे म्हणते ते थोरल्याने धाकट्याला सांगावं तसं आहे, आणि म्हणूनच ते काळजाला भिडतं. तिची दहा योजनं काय? ताटी आतून बंद आहे, आणि ती उघडायची ती ज्ञानेश्वरांनीच. मच्छिंद्रनाथांच्या कथेत तर सगळंच उलटतं. गुरूच स्त्रीराज्यात रमून जातो आणि शिष्य गोरख मृदंगावर थाप मारून ‘चलो मच्छिंदर गोरख आया’ असं बोलवत त्याला सोडवायला येतो. अमुक माणूस म्हणजे जाणता, असं काही नसतं. त्या घटकेला ज्याला वाट दिसते तो जाणता. प्रॉप बरोबर ठरतो तो इथं.

आणि कानाशी लागणारा प्रत्येक जण भल्याचंच सांगतो असंही नाही. शकुनी दुर्योधनाला हेच सगळं देतो: जवळीक, सल्ला, फासे. फक्त एक करत नाही. मागं सरत नाही. द्यूतात फासे स्वतःच टाकतो. शिष्याच्या हातात काहीच न सोडणारा गुरू कथेत बहुतेक वेळा शिष्याच्या नाशाला कारण होतो, हे तुम्ही कुठल्याही गोष्टीत तपासून बघा. द्रोणाचं दुखणं आणखी निराळं. एकलव्याला त्यांनी दिलं काहीच नव्हतं, आणि मागितला अंगठा. देणाऱ्याची जागा घेऊन घेणारा झालेला हा गुरू महाभारत लपवत नाही. ही गोष्ट वर्गात सांगताना माझा आवाज दर वेळी चढतो आणि मी तो चढू देते.

आपल्या किनाऱ्यावरची आणखी एक व्यक्ती इथं यायलाच हवी. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी पालगडच्या आपल्या आईच्या आठवणी गोष्टीरूपाने लिहिल्या. त्यात श्याम पोहायला घाबरून लपून बसतो. आई त्याला मारून बाहेर काढते आणि विहिरीवर धाडते. मुलाला जग भित्रा म्हणेल हे तिला सोसवत नाही. ती स्वतः पाण्यात उतरत नाही, काठावरही नसते.  कोकणातल्या कितीतरी घरांत पुरुष माणसं मुंबईला असायची आणि वाटेला लावण्याचं काम बायकाच करायच्या. पण आमच्या मुलांच्या गोष्टींत जाणतं माणूस म्हणजे अजून आजोबाच. आजी चहा आणते. मुलींच्या वह्यांतसुद्धा. हे बदलायला मी दर सुट्टीत सांगत असते, आणि सांगत राहणार आहे.

त्या नववीतल्या मुलीची एकांकिका आम्ही पुन्हा लिहायला घेतली. आधी आजोबांची दहा योजनं ठरली: अर्धांगवायूने डावा हात गेलेला. आता ते वल्हं धरू शकत नाहीत, एका हाताने आणि पायाच्या अंगठ्याने जाळं ताणून सांधतात. मग देणगी शोधायची होती. तिने घरी आपल्याच आजोबांना विचारलं, आणि भरतीचा जुना हिशेब घेऊन आली.

तो हिशेब असा. शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल तेवढ्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढं सरकते, म्हणून तिथीवरून बांधलेला हा अंदाज जवळपास जुळतो. बंदरागणिक थोडं पुढंमागं होतं. घड्याळ आणि छापील तक्ता नसलेल्या माणसाला आभाळात चंद्र आणि डोक्यात पाऊणकी एवढ्यावर समुद्राची वेळ सांगता यायची.

नव्या पहिल्या प्रवेशात भाषण नाही. आजोबा खळ्यात जाळं सांधतायत. गणू जेवणाचा डबा घेऊन लगबगीने निघतो. आजोबा मान वर न करता विचारतात, “आज तिथ खंयची रे?” गणू म्हणतो, “म्हायत नाय.” आजोबा चिडतात. “मगे भरती कदी ता तुका कसा कळतला?” आणि एवढ्यावर त्याला जाऊ देतात. ही परीक्षा, आणि गणू नापास. आतून आई ओरडून सांगते की आज संकष्टी आहे, चंद्र उगवेपर्यंत मी जेवायची नाही, ओरडू नका. प्रेक्षक हे वाक्य ऐकतात आणि विसरतात. हिशेबाचा उल्लेख फक्त एकदा येतो. धाकटी बहीण अभ्यासाला बसली आहे आणि आजोबा तिच्याकडून पाऊणकी म्हणून घेतायत. एकाची पाऊण, दोनाची दीड, तिनाची सव्वादोन, चाराची तीन. गणू जाता जाता तिला चिडवतो.

दुसरा प्रवेश रात्री अकराचा. होडी खाडीच्या तोंडाबाहेर आहे, चंद्र वर आलाय, वारा वाढतोय. मामाला घाई आहे, डिझेल थोडं आहे. खाडीच्या तोंडावर पाणी कमी असताना होडी आत घातली तर बूड वाळूला टेकतं, मागून आलेली लाट तिला आडवी करते आणि मग काही हातात राहत नाही. मामा म्हणतो, जाऊ, एवढं काय. गणू चंद्राकडे बघतो. त्याला आईचा उपास आठवतो. “आवस आता जेवली आसतली,” तो म्हणतो, स्वतःशीच. मग थांबतो. संकष्टी म्हणजे चतुर्थी. तो बोटं मोजत बहिणीच्या सुरात पुटपुटतो: एकाची पाऊण, दोनाची दीड. आणि मग मामाला सांगतो, नांगर टाक, तीन वाजेपर्यंत पाणी चढत राहील, दोननंतर आत घालू. मामा त्याला वेड्यात काढतो. चौदा वर्षांचं पोर आणि वीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस यांच्यात जे भांडण होतं, तो आमच्या एकांकिकेतला सगळ्यांत मोठा प्रवेश आहे. आजोबांचं नाव त्यात कुणी घेत नाही. ती म्हणाली, घेतलं तर मामा लगेच ऐकेल. बरोबर होतं तिचं.

शेवटाबद्दल आमचं एकमत होत नव्हतं. होडी आत आल्यावर गणू आजोबांच्या पाया पडतो, असं तिने लिहिलं होतं. मी म्हटलं, करून बघू. केलं, आणि ते तिलाच आवडलं नाही. मग आजोबांना शेवटी दाखवायचंच नाही असं करून पाहिलं. तेही रिकामं वाटलं. दोन दिवसांनी ती नवीन पान घेऊन आली. पहाटेचे तीन. ओटीवर आजोबा आपल्याकडे पाठ करून बसलेले, उशाला कंदील. लांबून इंजिनाचा आवाज येतो, खाडीत शिरतो, मंद होतो, बंद पडतो. आजोबा वळून बघत नाहीत. चांगल्या हाताने कंदिलाची वात बारीक करतात आणि आडवे होतात.